शिळं सावजी आणि शहाणी माणसं

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की दुपारी ओट्यावर राहिलेलं सावजी मटण संध्याकाळी बुडबुडे धरतं. माणूस वास घेतो आणि ते डस्टबिनमध्ये ओततो. कुत्रा तोच वास घेतो आणि डस्टबिन आडवं करतो.

आता कुत्र्यावर ओरडण्यात अर्थ नाही, तो मिशा चाटतोय. तुम्ही कचऱ्यात हात घाला. काय खाल्लं, किती, केव्हा? शिजलेलं हाड फुटलं की त्याची टोकदार फाक होते. कांदा-लसूण तर सावजीत असतोच. त्याने तांबड्या पेशी फुटतात, पण लबाडी अशी की सगळं शांत वाटत असताना तीन-चार दिवसांनी लघवी कोऱ्या चहासारखी होते. हिरवी बुरशी आलेला पाव पोटात गेला तर अर्ध्या तासापासून काही तासांत अंग थरथरू शकतं. प्लास्टिकची पिशवी अर्धीच सापडली, तर उरलेली कुठे आहे हे सांगायला नको.

एवढ्यात शेजारचे काका हजर. "मिठाचं पाणी पाजून द्या ना भाऊ, आत्ता ओकते तो!" काकांना चहा पाजा, कुत्र्याला मीठ नको. रक्तातलं सोडियम चढून झटके येतात. शिवाय गिळलेलं हाड उलट्या वाटेने येताना अन्ननलिका खरवडतं. काकूंकडे पॅरासिटामॉल असते, तीही नको. जुलाब थांबवायची गोळी तर घाण आतच कोंडते. माझं स्पष्ट मत आहे, शिळ्या मटणापेक्षा शेजाऱ्यांच्या औषधांचीच भीती जास्त.

तुम्ही ओठ वर करा. हिरडीवर बोट दाबा, सोडा. पांढरा ठिपका दोन सेकंदांत गुलाबी झाला तर ठीक. हिरडी चिकट लागली तर पाणी कमी पडतंय, आणि नागपुरी उन्हात ते फार लवकर कमी पडतं. पाणी वाडगाभर ठेवू नका, गटागटा पिऊन सगळं परत येतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन चमचे.

पुढचे पाय जमिनीला आणि बूड वर, असा अर्धा साष्टांग नमस्कार तो घालत असेल तर ती माफी नव्हे, पोटदुखी आहे. तेलकट तर्रीने स्वादुपिंड सुजलं की असं होतं. तो नमस्कार, थरथर, रक्त, वारंवार उलटी, किंवा पोट फुगलेलं आणि नुसत्याच कोरड्या उबळा: यातलं काहीही दिसलं की थेट डॉक्टर. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रात्री कोण भेटेल हे आधीच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. उलटीचा फोटोही काढून न्या, मग तो गॅलरीत पुतणीच्या बारशाशेजारी बसला तरी चालेल.

नुसतं पोट बिघडलं असेल तर मोठ्या, धडधाकट कुत्र्याला आठ-बारा तास उपास. पिल्लाला, म्हाताऱ्याला नाही. मग दोन भाग मऊ भात, एक भाग उकडलेलं बिनहाडाचं चिकन. मीठ, तेल, तिखट शून्य, थोडं थोडं चार-पाच वेळा. सावजी चाखलेला प्राणी याकडे सासरच्या पहिल्या जेवणासारखा बघतो. बघू द्या.

डॉक्टरांनी हाडाची वाट बघायला सांगितलं असेल, तर पुढचे दोन-तीन दिवस फिरायला जाताना काडी न्यावी लागते. पहाटे फुटपाथवर वाकून तुम्ही ऐवज तपासत असता आणि काका मागे येऊन थांबतात.

"काही हरवलं का भाऊ?"

"हो. हाड."