आपलीच चरबी, मग धोका कसला?

'गाल बसले म्हणून फिलरवर पैसे उडवू नका. फिलर म्हणजे केमिकल. पोटाची चरबी काढून गालात भरा. आपलीच वस्तू, धोका शून्य, कायमची टिकते, खर्च एकदाच.' हा मेसेज बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय.

'केमिकल'चं आधी उरकू. फिलर म्हणजे चेहऱ्यावरचा खोलगटपणा भरायला सुईने टोचायचं भरण. बहुतेक फिलर हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे असतात आणि तो पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत मुळातच असतो. फिलरमधला जिवाणूंकडून आंबवून घेतात आणि लवकर विरघळू नये म्हणून प्रक्रिया करून घट्ट करतात. एवढंच.

'कायमची टिकते' यात अर्धंच खरं आहे. काढलेली चरबी सिरिंजमध्ये उभी ठेवली की तीन थर दिसतात: वर फुटलेल्या पेशींचं पिवळं तेल, तळाला रक्ताळलेलं पाणी, मधे कामाची चरबी. ही मधलीच गालात जाते, तीही रक्तपुरवठा तोडून आणलेली. भाताची लावणी आठवा. रोपं सुटी खोचली तर धरतात, जुडीच्या जुडी चिखलात रोवली तर आतली कुजतात. म्हणून चरबी थेंबाथेंबाने, वेगवेगळ्या वाटांनी सोडावी लागते. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन सिडनी कोलमन यांनी १९९०च्या दशकात हीच पद्धत रुजवली. तरीही बराचसा भाग शरीर शोषून घेतं. किती, हे आधी छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. खरा गाल तीन ते सहा महिन्यांनी कळतो आणि अनेकांना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. 'खर्च एकदाच' इथेच निकालात निघतं. शिवाय धरलेली चरबी जिवंत असते. पुढे वजन वाढलं तर पोटाबरोबर गालही फुगू शकतात.

'धोका शून्य' या दोन शब्दांचा मात्र मला खरोखर राग येतो. भुवयांच्या मधे किंवा नाकाजवळ सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर फिलरनेही दृष्टी जाऊ शकते आणि चरबीनेही. प्रकार दुर्मीळ आहे, पण रक्तवाहिनीला चरबी 'आपली' आहे हे कळत नाही. हायलुरॉनिक फिलरवर हायलुरॉनिडेझ हे विरघळवणारं इंजेक्शन तरी आहे. वेळेवर दिलं तर त्वचा वाचते, गेलेली दृष्टी परत येईलच असं नाही. चरबीवर असा उतारा नाही. गाल जास्त भरला गेला तरी तीच अडचण.

म्हणजे चरबी वाईट का? नाही. आजारपणाने चेहरा पार ओसरला असेल तर फिलर तोकडा पडतो. एक सिरिंज म्हणजे साधारण १ मिली, चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. तिथे वीस-तीस मिली लागत असतील तर चरबीच परवडते. पण डोळ्याखालची बारीकशी खळी भरायला पोटातून चरबी काढण्याची शस्त्रक्रिया करून घ्यायची का, हे डॉक्टरला विचारा. आणि फिलरच घेणार असाल तर त्याचं नावही विचारून घ्या, कारण कॅल्शियमवाले फिलर हायलुरॉनिडेझने विरघळत नाहीत. खोक्यावरचा स्टिकर आपल्या फाइलीत चिकटवून मागा.