दिवेकर की दीक्षित, आणि त्यानंतरचं वर्ष

२०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रात वजन उतरवण्यावरून घरोघरी एकच वाद रंगला होता: दिवेकर की दीक्षित? आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी खा. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांच्या आत. आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही, आणि पुण्याच्या फोनवर मला हमखास विचारलं जातं, "तुमच्या इंग्लंडात सरकारच देतं ना?" देतं, पण निकष कडक आहेत.

हे सगळे वाद सुरुवात कशी करायची याचे आहेत. पहिले तीन-चार महिने बहुतेक पद्धती चालतात. काटा खाली सरकतो, ब्लाउज सैल होतात, चारजण विचारतात. मग काटा थांबतो. खाणं तेच, चालणं तेच, आणि आठवड्यामागून आठवडे आकडा जागचा हलत नाही. लोक गळतात ते इथे, आणि नेमकं याच टप्प्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही.

गळणाऱ्याला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. वजन उतरलं की शरीराला ऊर्जा कमी लागते आणि भूक मात्र वाढते. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर वर्षभराने लोकांना पुन्हा तपासलं, तेव्हाही भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. इंजेक्शनचंही तेच. वेगोव्हीत जे सेमाग्लुटाइड असतं, त्याच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे हा उद्योग वर्षानुवर्षांचा आहे, आणि इतकी वर्षं फक्त काट्याकडे बघून कुणाचाही धीर टिकणार नाही.

लीड्समध्ये मला या प्रश्नाचं एक उत्तर दिसतं. दर शनिवारी सकाळी नऊला वुडहाऊस मूरवर पार्करन असतं: पाच किलोमीटर, फुकट, धावा किंवा चाला. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावणाऱ्यांनिशी सुरू झालेला हा उपक्रम आज कितीतरी देशांत चालतो. सर्वांत मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, म्हणजे शेवटचा क्रमांक तुमचा कधीच लागत नाही. आणि टी-शर्ट मिळवायचा तो वेगावर नाही, हजेरीवर: २५ वेळा, ५० वेळा, १०० वेळा. काटा महिनाभर रुसला तरी हजेरीचा आकडा प्रत्येक शनिवारी एकाने वाढतोच. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो, घराबाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा मला हाच आकडा बाहेर काढतो. इथे माझ्या वजनाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, याचाही मोठा आधार वाटतो. आपल्याकडे लग्नकार्यात "आजारी होतीस का गं?" आणि "परत सुटलीस की!" ही दोन्ही वाक्यं एकाच दुपारी ऐकावी लागतात. त्यात प्रेम असतं हे मला माहीत आहे, पण दुसऱ्या वर्षात टेकीला आलेल्या बाईला ते प्रेम झेपत नाही.

तरी इंग्लंडकडे नसलेली एक गोष्ट महाराष्ट्राकडे आहे. वेताळ टेकडीवर किंवा शिवाजी पार्कात रोज पहाटे येणारे गट आहेत. कुणी दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी फोन जातो. इथे शनिवारी मी गेले नाही तर कुणी विचारायचं नाही. दीक्षितांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांनी अनेकांना तारलं, त्यात ५५ मिनिटांइतकाच त्या रोजच्या विचारपुशीचा वाटा असावा, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून महाराष्ट्रातल्या गटांना माझं सांगणं आहे: रविवारी गटात वजनाचा आकडा टाकायला सांगू नका, आठवड्यात किती दिवस आलात ते टाकायला सांगा. ध्येय दर दोन-तीन महिन्यांनी बदला. कधी टेकडी न थांबता चढणं, कधी रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर, कधी मांडी घालून बसून हाताचा टेकू न घेता उठणं. आणि गटात नव्याने आलेल्यांचं जेवढं कौतुक करता, तेवढंच दुसऱ्या वर्षात अडकलेल्यांचंही करा. फोनची गरज त्यांना जास्त असते.