सिबिल बिघडलं म्हणजे घरकर्ज बुडालं, हे खरं नाही

‘सिबिल एकदा खराब झालं की सात वर्षं घरकर्ज विसरा. थकबाकी सेटल करून टाका, विषय संपतो. जामीनदाराला काही होत नाही. स्कोअर सारखा बघू नका, बघितला की उतरतो. घाई असेल तर आमचा माणूस पंधरा दिवसांत रिपोर्ट साफ करून देईल.’ रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत गावोगावच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मजकुराचा हा सारांश. यातलं एकही वाक्य बरोबर नाही आणि शेवटच्या वाक्यापायी गरजू माणसाचे पैसे जातात.

सिबिल म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद ठेवून तिच्यावरून स्कोअर काढणारी संस्था. सात वर्षांची बंदी कुठल्याच नियमात नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजतात, पण कर्जासाठी किमान किती हवा हे रिझर्व्ह बँकेने ठरवलेलं नाही. ते प्रत्येक बँक आपापलं ठरवते. सिबिलच्या रिपोर्टात प्रत्येक खात्याचे ३६ महिन्यांचे हप्ते महिनावार दिसतात, आणि कर्ज तपासणारा अधिकारी जुन्या चुकीपेक्षा अलीकडचे महिने जास्त बारकाईने बघतो. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी सिबिलसारख्या संस्थांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे थकबाकी भरल्याचं रिपोर्टात लवकर दिसतं. आधी कधीच कर्ज घेतलं नाही, एवढ्याच कारणावरून पहिल्या अर्जदाराला नाकारू नये, असंही रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो सेटलमेंटचा सल्ला. समजा क्रेडिट कार्डावर ८०,००० रुपये थकले आणि बँकेने ५०,००० घेऊन बाकीचे सोडले. रिपोर्टात ते खातं ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलेलं) नाही, ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेलं) म्हणून लागतं. घरकर्जाच्या टेबलावर त्याचा अर्थ एकच: या माणसाने मागच्या बँकेचे ३०,००० बुडवले. म्हणून पैसे भरण्याआधी बँकेकडून लेखी घ्या, की पूर्ण रक्कम किती आणि ती भरल्यावर खात्याची नोंद काय लागेल. आधीच सेटल केलं असेल तर सोडलेली रक्कम भरायची तयारी दाखवा, नो ड्यूज पत्र (काही बाकी नाही असा दाखला) घ्या आणि नोंद बदलून ‘क्लोज्ड’ पाठवा असा अर्ज द्या. ‘राइट ऑफ’ लागलेल्या, म्हणजे बँकेने बुडीत धरलेल्या, खात्यालाही हाच मार्ग. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं असेल तर पत्र त्या कंपनीकडून लागतं; जुन्या शाखेत खेपा घालून उपयोग नाही. वसुलीला आलेल्या माणसाच्या हातात रोख देऊ नका, कर्जखात्यातच भरा.

जामीनदाराचं म्हणाल तर १८७२ च्या करार कायद्यानुसार त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आपल्याकडे भाच्याच्या बोटीला, शेजाऱ्याच्या टेम्पोला सही देणं नात्याचा भाग मानतात. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हातात पैसा नाही आणि हप्ता रखडला, तर ती थकबाकी जामीनदाराच्या रिपोर्टातही दिसू शकते. घर बांधायला निघालेल्याला हे बँकेत गेल्यावर कळतं. अशा वेळी थकलेले हप्ते आधी भरून टाकणं आणि नंतर कर्जदाराकडून वसूल करणं परवडतं. तसा हक्क कायद्याने दिलेला आहे.

स्वतःचा स्कोअर स्वतः बघितल्याने तो उतरत नाही. उतरतो तो एजंटाने एकच फाइल एकाच आठवड्यात पाच बँकांत टाकल्यावर. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. अर्ज करण्याच्या तीन-चार महिने आधी चारही काढा.

आता तो ‘आमचा माणूस’. नोंद ज्या बँकेने पाठवली, तिने होकार दिल्याशिवाय ती बदलता येत नाही. खरी थकबाकी कुणीच पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः एक पैसा न देता दुरुस्त करून घेऊ शकता. फेडलेलं कर्ज चालू दिसतंय, दुसऱ्याचं खातं तुमच्या पॅनवर आलंय, अशा चुकांसाठी ज्या संस्थेच्या रिपोर्टात चूक आहे तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि नो ड्यूज पत्राची प्रत बँकेलाही द्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तरीही काम अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट. पॅन, आधार आणि ओटीपी त्या माणसाला देऊ नका. त्यावर नवं कर्जही निघू शकतं.

त्या मजकुरात कोकणातली सगळ्यात मोठी अडचण आलेलीच नाही. इथे अनेक फाइली सिबिलपेक्षा सातबाऱ्यावर अडतात. जमीन सामायिक, आजोबांच्या नावाची वारसनोंद राहिलेली, निम्मे हिस्सेदार मुंबईत. बहुतेक बँका सहमालकांना सहअर्जदार करून घेतात, म्हणजे भावाची थकबाकी तुमच्या फाइलवर येते. ते टाळायचं तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र, नाहीतर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप, आणि मग फेरफार. याला महिने लागतात, म्हणून रिपोर्ट काढाल त्याच आठवड्यात तलाठ्याकडेही जा. आणि बँकेने नकार दिलाच, तर ‘सिबिल’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका. नकाराची मुख्य कारणं लेखी मागा. ती देणं बँकेवर बंधनकारक आहे.