बार्शीची ओसरी

आज सकाळी आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'त्या काळ्या पोराला फ्लॅट देऊ नका, सोसायटीचं नाव जाईल.' खाली सात अंगठे. सात! त्यातले चार जण दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं स्टेटस ठेवणारे.

माझी आजी तेव्हा नऊ वर्षांची. १९४८, रझाकारांचा धुमाकूळ. परंड्याकडच्या गावातून रातोरात बैलगाडीनं निजामाची हद्द ओलांडून बार्शी गाठली. एका अनोळखी घरानं ओसरी दिली. जात विचारली त्यांनी, आजी सांगायची, पण आधी पाणी दिलं.

हा पोरगा सुदानचा. इथं विद्यापीठात शिकायला आला आणि एप्रिल २०२३ ला मागं खार्तूममध्ये लढाई पेटली. घरचे इजिप्तला गेले, पैसे यायचे बंद. परत जायचं कुठं? आपल्याकडं निर्वासितांसाठी कायदाच नाही. १९५१ च्या जागतिक करारावर भारताची सही नाही. व्हिसा शिक्षणापुरता, पुढं अंधार.

त्याच्यामागं धावतंय कोण? विशीतली आपलीच लेकरं. माझी भाची त्यांच्यात आहे. फॉर्म भरतात, दवाखान्यात सोबत जातात, रविवारी मराठी शिकवतात. परवा तिनं लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला त्याला लिहून दिलं, 'काका, भाडं पाच तारखेला देतो.' दहादा घोकलं त्यानं. ते एक वाक्य घेऊन तो आमच्या गेटवर आला होता!

कबूल, कागदपत्रं बघावीत. परदेशी भाडेकरू ठेवला तर सरकारला कळवावं लागतं, तेही ही पोरं घरमालकाला भरून देतात. पण रंग बघून नाही म्हणता? लाज वाटू द्या जरा.

मागच्या महिन्यात आमच्याकडं जेवायला होता. आई भाकरी थापत होती. परातीतलं पीठ चिमटीत धरून म्हणाला, 'दुरा!' ज्वारी. त्यांच्याकडं तेच पीठ आंबवून किसरा नावाची पातळ भाकरी करतात. आईनं तव्यावरची फुगलेली भाकरी तशीच त्याच्या ताटात टाकली. 'याची माय काय खात असंल रे आता,' एवढंच म्हणाली.

आजी त्या बार्शीच्या घरी हयातभर हुरडा पाठवायची. दर सुगीला. पिशवी मीच एसटीत ठेवून आलोय कितीदा.

छत्रपती संभाजीनगरला बेगमपुऱ्यात, विद्यापीठाच्या आसपास कुणाकडं एक खोली असेल तर इनबॉक्स करा. जामीन मी राहतो.