हस्त नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर ण

मागच्या महिन्यात भावाचा मेसेज आला. 'ताई, भटजींनी अक्षर दिलं. ण.' खाली कपाळावर हात मारलेली इमोजी.

हसू नका, पंचांगात खरंच तसं आहे. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, अशी १०८ अक्षरं वाटलेली आहेत आणि त्यात हस्ताच्या वाट्याला पू, ष, ण, ठ आलेत. आमची पोर नेमकी तिसऱ्या चरणात जन्मली. णने सुरू होणारं एक तरी नाव सांगा, जत्रेतलं खाजं माझ्याकडून. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ येतो आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ, म्हणजे आमच्याहून दुःखी घरंही असणार. बाई एक दिवस थांबली असती तर चित्रेचा 'रा' मिळाला असता, आणि 'रा'त अर्ध्या तालुक्याच्या मुली बसतात! भटजी मात्र निवांत. म्हणाले, 'णचा न करा. जन्मनाव पत्रिकेपुरतं, हाक मारायला तुम्हाला हवं ते ठेवा.'

मग सगळं घर 'हवं ते' शोधायला मोबाईल घेऊन बसलं. मी आत्या, म्हणजे नाव ठेवायचा मान माझा. हा मान काय असतो ते ज्या आत्या झाल्यात त्यांना माहीत आहे. नाव आधीच ठरलेलं असतं. आपण पाळण्यात वाकून कानात कुर्रर्र करायचं आणि पाठीवर धपाटे खायचे.

भावजयीने यादी पाठवली. प्रत्येक नावापुढे अर्थ. तिचं म्हणणं एकच, 'ताई, नावाला छान अर्थ पाहिजे.' मला काहीच हरकत नव्हती. हरकत सुरू झाली ती अर्थ वाचल्यावर.

पहिलंच नाव आरवी, आणि त्याचा पुल्लिंगी भाऊ आरव. अर्थ: शांत. अहो, रव म्हणजे आवाज! कलरव म्हणतो ना आपण? संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. संस्कृत राहू दे, आपल्या परसातला कोंबडा पहाटे काय करतो? आरवतो. तो शांत होत असता तर मी सात वाजेपर्यंत झोपले असते. शांतच हवं तर नीरव आहे की चांगलं. पुढे रेयांश, सूर्यकिरणाचा अंश. यातला अंश आपला, पण 'रे' थेट इंग्रजी शाळेतून आलाय. अनय हे नाव 'वेगळं' म्हणून सध्या फार आवडतं. नय म्हणजे नीती, मग अनय म्हणजे काय ते तुम्हीच लावा. मायरा हे सतराव्या शतकातल्या एका इंग्रज कवीने कवितेसाठी बनवलेलं नाव, आणि राजस्थानात मायरा म्हणजे लग्नात मामाने आणलेला आहेर. यादीत अर्थ होता 'लाडकी'. असेल बाई, मामाचा आहेर कोणाला लाडका नसतो?

बाहेरून आलेल्या नावांवर माझा राग नाही. मिहिर हे आपण अस्सल संस्कृत समजतो, पण मुळात तो इराणी मिथ्र देवाचा शब्द. सहाव्या शतकात तो वराहमिहिराच्या नावात इतका मुरलेला होता की आज कोणी विचारतही नाही. माझा राग चिकटवलेल्या अर्थावर आहे. कानाला गोड लागलं म्हणून ठेवलं, असं सरळ सांगायला लाज कसली? लगेच संस्कृतचा खोटा दाखला कशाला जोडायचा?

आणि सगळ्याच नावांना छान अर्थ हवा ही हौसही जुनी नव्हे. आमच्याच वाड्यावर भिकू होते, धोंडू होते. आधीची मुलं हाताला लागली नाहीत की पुढच्याला असं नाव ठेवायचे. भीक मागून आणलेला, दगडासारखा, कोणाची नजर लागू नये आणि मृत्यूलाही मोह होऊ नये असा. ज्या आईने पोटच्या पोराला धोंडू म्हटलं, तिला त्याचा अर्थ कळत नव्हता असं वाटतं का तुम्हाला?

आमच्या फोंडा तालुक्यात तर पूर्वी नाव शोधायला लागतच नसे. पणजी-फोंडा बसमध्ये बसा. कंडक्टर मंगेशी, म्हार्दोळ ओरडतो, फोंड्याच्या अलीकडे-पलीकडे नागेशी, रामनाथी, कवळे येतात, आणि तो थांबे सांगतोय की शाळेतली हजेरी घेतोय तेच कळत नाही. मंगेश, नागेश, रामनाथ, शांता, महालसा. यातले काही देव स्वतःच घर सोडून आलेले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, महालसा वेर्ण्याहून रातोरात इकडे आणली. ती नावं नंतर घराघरात पोरांना मिळाली.

त्यातल्या मंगेशाची गोष्ट मला फार आवडते. शंकर वाघाचं रूप घेऊन समोर आला, पार्वती घाबरली आणि 'त्राहि मां गिरीश' म्हणायला गेली. मां गिरीशचा झाला मांगिरीश, त्याचा मंगेश. म्हणजे ज्या नावाने आम्ही इतके ताठ चालतो, ते कथेप्रमाणे भ्यालेल्या बाईच्या बोबडीतून निघालेलं आहे. त्याच गावावरून दीनानाथांनी मंगेशकर आडनाव घेतलं. त्यांच्या थोरल्या मुलीचं पहिलं नाव हेमा. वडिलांच्या नाटकातल्या लतिका या पात्रावरून पुढे ती लता झाली. तेव्हा सिनेमा-मालिकेवरून नाव ठेवलं म्हणून आजच्या आयांना नाकं मुरडणाऱ्या मंडळींनी जरा दमानं घ्यावं. (यात मीही आले.)

माझ्या आजीला दोन नावं होती. माहेरची शांता, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर आजोबांनी अंगठीने लिहिलेलं रुक्मिणी. पोर्तुगीज काळातल्या कागदावर ती आणखी तिसरीच होती, कारण ते लोक श एक्सने लिहायचे. आजोबा यशवंत, ते दप्तरात एस्वोंत. आजीला शांता म्हणणारा शेवटचा माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो वारल्यावर ते नाव घरात कोणी उच्चारलं नाही. मी भावाला म्हटलं, शांता ठेवूया. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी धोंडूच सुचवलं.

शेवटी ठरलं कियारा.

मी खवळून शोधायला बसले. एका ठिकाणी अर्थ 'तेजस्वी', दुसरीकडे 'काळ्याभोर केसांची'. आता भावजयीला चपराक देते म्हणून खोदत गेले, तर दोन्ही खरे निघाले. काळे केस आयर्लंडचे, तिथलं नाव वेगळं पण ऐकायला तसंच. तेजस्वी इटलीचं. तिकडे ते किआरा, मूळ लॅटिन क्लारा, म्हणजे स्वच्छ, उजळ. असिसीच्या संत फ्रान्सिसची शिष्या संत क्लारा, तिला इटलीत सांता किआराच म्हणतात. गंमत म्हणजे पोपने १९५०च्या दशकात या संत क्लाराला टीव्हीची संरक्षक नेमलं. पडद्यावरून आपल्या घरात आलेलं नाव, आणि त्याची मालकीण टीव्हीचीच सायबीण!

म्हणजे भावजयीला जे नाव एकदम मॉडर्न वाटत होतं ते गोव्यात चारशे वर्षं फिरतंय. दारोदार पाव विकणाऱ्या आमच्या पोदेराच्या आईचं नाव क्लारा. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरी मातेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानणारा आपला मुलूख, त्यात कियारा परकी कशी म्हणू? माझं भांडण तिथेच संपलं.

बारशाला मी कानात आधी जन्मनाव सांगितलं, णचा न करून. आमची कुलदेवी मडकईची, म्हणून नवदुर्गा. मग मोठ्याने कियारा. धपाटे दोन्ही नावांचे मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोंय-पोंय करत पोदेर आला तेव्हा मी त्याला सांगितलं, तुझ्या आईला सांग, आमच्या घरात एक क्लारा आलीय. संध्याकाळी म्हातारी स्वतः दारात. 'अगो बाय, हें म्हजेंच नांव मगो!' म्हणत पाळण्यात वाकून पोरीच्या कपाळावर बोटाने खूण केली. जाताना कागदात गुंडाळलेली चार काकणां, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव, ठेवून गेली. नाववालीसाठी म्हणे.

पोरीला दात यायला अजून सहा महिने आहेत. चहात बुडवून मीच खाल्ली.