चार्जचे नियम आणि नेसरीची खिंड

राजारामपुरीत मित्रमैत्रिणींना जमवून रोलप्लेइंग गेम (काल्पनिक पात्रे घेऊन पटावर आणि फाशांनी खेळायचा खेळ) चालवणाऱ्या माझ्या भाचीला तिच्याच टेबलावरच्या एका खेळाडूने परवा ‘चार्जचे खरे नियम’ नावाचा संदेश दाखवला आणि आपण आजवर चुकीचे खेळत होतो, असे ठणकावून सांगितले. कोल्हापुरातल्या खेळणाऱ्यांच्या गटांत हा संदेश गेले काही आठवडे फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: चार्ज केल्यास, म्हणजे शत्रूवर धावून जाऊन हल्ला केल्यास, हल्ल्याच्या फाशावर अधिक २ मिळतात, दुप्पट अंतर धावता येते, वाटेत वळता येते, वाटेतले मित्र आड येत नाहीत, पोहोचल्यावर सगळे हल्ले करता येतात आणि बचावातला उणे २ चा तोटा स्वतःचा हल्ला संपताच संपतो. हे नियम खेळाच्या कोणत्या आवृत्तीचे, हे मात्र संदेशात कुठेही नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

अधिक २ आणि दुप्पट अंतर या दोन्ही गोष्टी डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग गेमच्या २००३ सालच्या साडेतीनाव्या आवृत्तीत आणि तिच्यावर बेतलेल्या २००९ च्या पाथफाइंडर या खेळात आहेत. साडेतीनाव्या आवृत्तीचे मूळ नियम ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट’ या नावाने सर्वांना मोफत वाचता येतात आणि त्यातला चार्जचा भाग जेमतेम काही परिच्छेदांचा आहे. एवढे वाचण्याचे कष्ट संदेश लिहिणाऱ्याने घेतले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

सर्वांत हास्यास्पद मुद्दा मित्रांचा आहे. त्यासाठी संदेशात थेट नेसरीचा दाखला दिला आहे: खिंडीत सात वीर एकदम धावले, मग आपली सात पात्रे दहा फुटी खिंडीतून एकाच फेरीत चार्ज का करू शकणार नाहीत? गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीजवळ २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले, हा इतिहास आहे. त्यातून पटावरच्या घरांचा नियम निघत नाही. नियम सांगतो की सुरुवातीच्या घरापासून शेवटच्या घरापर्यंतच्या रेषेत वाट अडवणारे किंवा वेग कमी करणारे घर असेल, किंवा कोणीही प्राणी, अगदी आपला मित्रसुद्धा, उभा असेल, तर चार्ज होत नाही. (मित्र बेशुद्ध पडलेला असेल तर चालते, शुद्धीवर असेल तर नाही, नियम असाच आहे.)

आता खिंडीचा हिशेब करू. दहा फूट म्हणजे पाच-पाच फुटांची दोन घरे. पहिले दोघे शत्रूला भिडले की दोन्ही रांगांची तोंडे बंद होतात. तिसऱ्या आणि चौथ्याकडे दहा फुटांवर पोहोचणारे लांब दांड्याचे शस्त्र असेल, तर त्यांना पुढच्या मित्राच्या मागच्याच घरातून मारता येते आणि तिथवरची वाट मोकळी असल्यामुळे त्यांचा चार्ज वैध ठरतो. पण मध्ये मित्र उभा असल्याने शत्रूच्या आर्मर क्लासमध्ये, म्हणजे बचावाच्या आकड्यात, आडोशाचे ४ वाढतात, म्हणजे चार्जचे २ मिळूनही ते २ ने मागेच राहतात. उरलेल्या तिघांना चार्ज नाहीच.

वळण्याचा प्रश्नही इथेच मिटतो. धाव सरळ शत्रूच्या दिशेने, किमान दहा फूट, आणि जिथून मारता येईल अशा सर्वांत जवळच्या घरापर्यंतच घ्यावी लागते. वळसा घालून पाठीमागे जायचे असेल तर खुशाल जावे, पण तो चार्ज नव्हे.

सगळे हल्ले? धावत जाऊन एकच हल्ला मिळतो, मग पात्राची पातळी कितीही असो. सिंहासारख्या झेप घेणाऱ्या प्राण्यांना सवलत आहे, पण ती त्यांची खास क्षमता आहे.

उणे २ बद्दलचे विधान तर मुळातच निरर्थक आहे. स्वतःचा हल्ला सुरू असताना शत्रू सहसा आपल्याला मारतच नाही; मग तोटा तेवढ्यापुरताच असेल तर तो कशासाठी ठेवला? तो आपली पुढची पाळी सुरू होईपर्यंत टिकतो आणि मधल्या वेळात सगळे शत्रू त्याचा लाभ उठवू शकतात.

एक गोष्ट मात्र, मनाविरुद्ध का होईना, मान्य करावी लागते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सर्वांसाठी असा चार्ज ठेवलेलाच नाही; तिथे आपल्या वेगाइतके चालत हवे तसे वळता येते आणि पात्राला एकाहून अधिक हल्ले मिळत असतील, तर पोहोचल्यावर ते सगळे करता येतात. संदेशातली मोकळीक बहुधा तिथूनच आली आहे. पण त्या मोकळिकीबरोबर अधिक २ मिळत नाहीत आणि दुप्पट अंतर धावण्यात आपली कृती खर्ची पडल्यावर, त्यासाठीचे खास कौशल्य घेतल्याशिवाय, हल्ला उरत नाही. संदेशकर्त्याने दोन्ही आवृत्त्यांतले लाभ तेवढे उचलले आणि बंधने दोन्हीकडेच सोडून दिली.

शिवाय त्याने एक नियम अजिबात सांगितलेला नाही. साडेतीनाव्या आवृत्तीत शत्रूने आपली पाळी राखून ठेवून भाला रोखला असेल आणि त्याचा वार लागला, तर चार्ज करत येणाऱ्याला दुप्पट इजा होते. भाचीच्या पुढच्या खेळात खिंडीच्या तोंडाशी भालाईत उभे असणार आहेत.