गोधडीच्या कडेची पट्टी आधी मोजा, मग शिवा

"पट्टी मोजत बसू नका. लांब पट्टी घ्या, कडेने शिवत जा, टोकाला उरेल ती कापा. झोल आला तर वरून टाके घालताना बसतो. आजीने कुठे मोजलं होतं?" ठाण्यातल्या शिवणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा सल्ला फार फिरतोय. नौपाड्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तिघींनी तो तसाच्या तसा ऐकवला, म्हणून हे लिहिते.

शिवत गेलं की पट्टी आपोआप बसते, हे खरं नाही. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात, वरचं, कापड दाबून धरणाऱ्या फूटखाली मागे राहतं. पट्टी खाली असेल तर ती जास्त खपते आणि कड लहरते. वर असेल तर कमी खपते आणि मधल्या तुकड्यांना चुण्या पडतात. समोरासमोरच्या दोन पट्ट्या मग सारख्या येणार कशा?

"मोजायचंच तर कड मोजा," असंही कुणी सांगतं. पण कडच सगळ्यात जास्त ताणलेली असते, उरेब, म्हणजे तिरके कापलेले, तुकडे असतील तर विचारायलाच नको. गोधडी हॉलच्या फरशीवर सपाट पसरा. मधोमध मोजा, मग मधल्या रेघेच्या दोन्ही अंगांना एकेकदा, आणि तिन्हींची सरासरी घ्या. मापांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर आधी जोडणीतली चूक शोधा.

समजा माप 48 बाय 60 इंच आलं. साडेचार इंच रुंदीच्या, बरोबर 60 इंच लांबीच्या दोन पट्ट्या कापा, शक्यतो उभ्या धाग्यात, म्हणजे ताणत नाहीत. पट्टी आणि गोधडी दोन्हींचे मध्य आणि पाव भाग खुणा करून टाचण्यांनी जुळवा, मग शिवा. दोन सूत, म्हणजे पाव इंच, शिलाई धरली की रुंदी 56 होते. वरखालच्या पट्ट्या 56 च्या. हे माप कागदावर न काढता पुन्हा टेपनेच, मधोमध घ्यायचं. दोन-तीन सुतांचा फरक टाचण्यांत सामावतो.

त्याहून मोठा झोल मात्र टाक्यांनी जात नाही, दुमडून कायमचा बसतो.

राहिली आजी. तिच्या गोधडीला खाली अख्खी साडी असायची, तुकडे त्या साडीवर मांडून हाताने टाचले जायचे. माप साडीच धरून ठेवायची. वेगळी पट्टी लावायची झाली, तर माझी आजी ती वितीने मोजायची आणि समोरासमोरच्या दोन्ही एकमेकींवर ठेवून पाहिल्याशिवाय सुईत दोरा ओवत नसे.